खालच्या प्रतीचे तक्ते

आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ‘नियम’ हा शब्द मी कुणाला काढू देत नाही. अन्न गोड लागत नाही. पण गेल्या गुरुवारी जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि त्यात तो शब्द येणारच, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही लिस्बनपासून दूरच्या अझारुझा गावची माणसं. ओकच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करण्यात गावाच्या पिढ्या गेल्या. बुंध्याची साल गुळगुळीत, उंची. बुचं होतात ती तिची. फांद्या छाटल्यावर निघणारी खडबडीत, वेडीवाकडी साल मात्र थेट चुलीत जायची. माझा धाकटा भाऊ आदेरितो याने त्याच सालीचा चुरा केला, तो वाफेवर दाबला आणि भिंतीत बसवायचे तक्ते तयार केले. थंडी अडते, आवाज अडतो, आणि वरून गोंदाचा एक थेंब घालावा लागत नाही. साल आपल्याच चिकाने घट्ट बसते. दिसायला काळे, ओबडधोबड, करपलेल्या केकसारखे. पण ऑस्ट्रियातल्या एका कंत्राटदाराला शाळांच्या भिंतींसाठी तेच हवे होते.

हवे होते, पण आगीच्या चाचणीचा दाखला असेल तर. पूर्वी ऑस्ट्रियाची चाचणी वेगळी, फ्रान्सची वेगळी, जो तो आपल्या दारात नवी फी मागायचा. छोट्या कारखान्याचं कंबरडं मोडायचं. आता एकदा पास झालं की सगळ्या युरोपात चालतं. शिवाय दाखला आला की युरोपचा एक निधी आमच्या कर्जाला हमी देणार होता, आणि त्या हमीवर बँक नव्या यंत्राला पैसे सोडणार होती. दाखला नाही मिळाला, तर शुक्रवारी आदेरितोने उत्तरेकडच्या एका बड्या कंपनीला कारखाना विकायला होकार द्यायचा. त्यांना हवं होतं फक्त आमचं गिऱ्हाईक. कारखान्याला ते कुलूप लावणार, हे गावातल्या मांजरांनासुद्धा माहीत होतं.

तर गुरुवारी आम्ही तिघं लिस्बनच्या प्रयोगशाळेत पोचलो. आदेरितो, मी, आणि आमचे बेल्शियोरकाका. काकांचा जन्म साल निवडण्यात गेला. नुसतं बोटांनी दाबून प्रत सांगतात, आणि त्याचा तोराही तेवढाच. तक्त्यांचं खोकं त्यांनीच भरलं होतं, कुणाला हात लावू दिला नव्हता. वाटेत कॉफीला थांबलो तर कप घेऊन गाडीपाशीच उभे राहिले, खोक्याची राखण करत.

खोक्याचं झाकण निघालं आणि मी चाटच पडले. वर ठेवलेले तक्ते आमचे नव्हतेच! एकसारखे, तांबूस, हात फिरवत राहावा असे.

“काका, हे काय आहे?” आदेरितोने दातओठ खात विचारलं.

“गप रे. शनिवारी मी एकट्याने बनवलेत. बुंध्याची साल, पहिली प्रत. शॅम्पेनला लावतात ती!”

“पण आपण हे विकत नाही ना!”

“मग काय झालं? पाहुण्यांपुढे कुणी कान तुटलेला कप ठेवतं का?”

खरं सांगते, मला त्या क्षणी काकांचं कौतुकच वाटलं. हे आम्हा अझारुझावाल्यांनाच सुचायचं. जाळायला न्यायचा मालसुद्धा आम्ही लग्नाला निघाल्यासारखा नटवून नेणार.

तेवढ्यात इंजिनियरबाई आल्या. ग्रासा वालादास त्यांचं नाव, शिडशिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी तक्त्यावरून हात फिरवला. “सुंदर आहेत हो. रोज बनवता ते हेच ना?”

आदेरितोने तोंड उघडायच्या आत काका छाती काढून म्हणाले, “रोज? छे, छे! हे खास तुमच्यासाठी.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “मग मी हे जाळू शकत नाही. जे विकणार, तेच जाळायचं. नियम आहे.”

झालं! माझं डोकं सटकलं. “नियम, नियम! अहो बाई, चांगला माल आणला म्हणून परत पाठवणार तुम्ही? पुढची तारीख कधीची?”

“पुढच्या महिन्यातली.”

“तोवर आम्ही विकले गेलेले असू!”

माझा आवाज सगळ्या इमारतीत घुमला असावा. आदेरितो भिंतीला पाठ लावून खाली बसला. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. आपल्या हातून काय होऊन बसलं ते त्यांना आत्ता कुठे कळत होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

बाई मात्र खोक्यात वाकून बघत होत्या. “आणि हे खाली नि कडेला काय लावलंय?”

“ते होय,” काका पुटपुटले, “ते काही नाही. चांगल्यांना धक्का लागू नये म्हणून कोंबलेत. आपले रोजचेच.”

“रोजचेच?” बाईंनी एक काळा तक्ता उपसून काढला. त्यावर कारखान्याचा शिक्का, बनवल्याची तारीख, सगळं जागच्या जागी. “हे ऑस्ट्रियाला जाणार आहेत तेच?”

“तेच! अगदी तेच!” आदेरितो उडी मारून उठला.

“मग कुठले घ्यायचे ते मी निवडते. चौकटीपुरते निघतील.”

“खालच्या प्रतीचे आहेत हो ते,” काका कळवळले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

काळे तक्ते भट्टीच्या तोंडावर चौकटीत बसले आणि आत आग पेटली. आम्ही जाड काचेमागे. अर्धा तास आग या बाजूला येता कामा नये, एवढीच अट. भट्टी घोंघावायला लागली, झरोक्यातून नुसता लालबुंद उजेड. आदेरितो नखं खात होता, मी सगळ्या संतांना एकेक मेणबत्ती कबूल करत होते. एका कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ निघाली. “गेलं!” मी ओरडले. रेघ हलली, पातळ झाली आणि विरून गेली. तक्ते जागचे हलले नाहीत!

“ताई, अगं माझा हात सोड, मोडशील,” आदेरितो म्हणाला, पण त्याचे डोळे भरून आले होते.

घंटा वाजली. “पास,” बाई म्हणाल्या. मी त्यांना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा घसरला.

काकांना मात्र राहवेना. “बाई, माझा एक तक्ता लावून बघा ना. नुसतं बघायला.”

“नोंदीत धरणार नाही हं,” म्हणत बाईंनी त्या देखण्या तक्त्याचा तुकडा लहान भट्टीत धरला. आम्ही नीट उभे राहतोय तोच त्याचे कण सुटायला लागले. बघता बघता तो मधोमध फाटला आणि ढासळला.

“बुंध्याच्या सालीत चीक कमी असतो,” बाई हलकेच म्हणाल्या. “वाफेवर ती तशी धरत नाही.”

याच तक्त्यांसाठी मी नियमाला शिव्या दिल्या होत्या. बाईंनी माझं ऐकलं असतं तर कारखाना तिथेच, त्या चौकटीत गेला असता.

परतताना आदेरितोने गाडी कडेला घेऊन बड्या कंपनीला फोन लावला. शुक्रवारची वाट कशाला बघायची! “नाही विकत,” एवढंच म्हणाला आणि मोठ्याने हसत सुटला. मीही हसले.

काका मागे बसले होते, मांडीवर भट्टीतला एक काळा तक्ता घेऊन. बाईंकडून मागून आणला होता. जळक्या बाजूवरून पुन्हापुन्हा बोट फिरवत होते.

“काका, रागावलात का?” मी विचारलं.

“नाही गं. आई आठवली. जन्मभर हीच साल चुलीत घालायची,” ते म्हणाले, “आणि धड पेटत नाही म्हणून हिलाच शिव्या द्यायची.”