बटणांच्या डब्यातली बिस्किटं

रविवारी सकाळी फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. सगळे मधुमेहाचे रोगी, सगळे उपाशी, आणि सगळ्यांचे डोळे गोडबाबांच्या हातातल्या चमच्याकडे. बाबा आधी कोमट पाण्यातून कडू चूर्ण पाजत, मग जप सुरू होई, आणि जप रंगात आला की एकेकाच्या अंगात शक्ती उतरू लागे. हात थरथरत, दरदरून घाम फुटे, मग असंबद्ध बडबड. माणूस पेंगुळला की बाबा त्याच्या तोंडात मधाचे दोनतीन चमचे रिकामे करत, आणि थोड्या वेळाने तो डोळे चोळत उठून बसे. गेलेला माणूस परत येताना फुकटात बघायला मिळत असेल, तर गर्दी का होणार नाही?

शिवाय बाबा मनाने मोठे. "डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका," ते म्हणत. "मी कुणाच्या पोटावर पाय देत नाही. फक्त चूर्णाचं त्यांना सांगू नका. हे औषध थोडंच आहे, नुसता पाला. आणि उपाशी या. शक्ती भरल्या पोटी उतरत नाही." यातलं शेवटचं वाक्य मात्र ते अगदी खरं बोलत.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दोघी बहिणी या गर्दीत न चुकता येत. दोघी एकाच खोलीत राहत आणि दुकानासमोरच्या डॉक्टरीणबाईंच्या एकाच प्रकारच्या गोळ्या घेत. ताईच्या अंगात पहिल्याच रविवारी शक्ती उतरली होती. तेव्हापासून तिला पहिल्या रांगेत जागा होती आणि घरात तिचा शब्द आणखीच वजनदार झाला होता. धाकटीच्या अंगात काही म्हणता काही येईना.

"तुझ्या मनातच खोट आहे," ताई म्हणे.

धाकटी मान खाली घाली, कारण खोट होती. तिला भूक सहन होत नसे. ताई आंघोळीला गेली की ती बटणांचा डबा उघडून तळाशी लपवलेली चारपाच बिस्किटं घाईघाईने गिळून घेई. शक्ती आपल्याला का टाळते, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटे.

त्या रविवारी ताईने चूर्णाची मात्रा दुप्पट घेतली. शक्ती जरा जास्त वेळ थांबावी, एवढीच तिची इच्छा. ती थांबली. ताई घामाने भिजली, कोसळली, आणि बाबांनी दिलेला मध ओठांच्या कोपऱ्यातून गळून पदरावर आला.

"समाधी लागली," बाबा म्हणाले. "कुणी हात लावू नका."

लोकांनी हात जोडले. धाकटीने ताईचा गार पडलेला हात धरला. समाधी मोडल्याचं पाप लागलं तर लागो, असं म्हणत ती जिना उतरून डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाईंनी ताईचं बोट टोचलं, यंत्रातला आकडा पाहिला आणि तडक शिरेतून ग्लुकोज दिलं. हळूहळू ताईने डोळे उघडले. "बाबांची कृपा," मागून कुणीतरी म्हणालं.

"साखरेची कृपा," बाई म्हणाल्या. "रक्तातली साखर संपत आली होती. काय घेतलंत आज?"

"दोघींनीही तुमची गोळी आणि बाबांचा पाला," धाकटी म्हणाली.

"गेल्या आठवड्यात विचारलं, दुसरं औषध घेता का, तर नाही म्हणालात."

"पाला म्हणजे काय औषध का?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "बरं. गोळी तीच, पाला तोच. मग तुम्ही कशा उभ्या?"

सगळा हॉल धाकटीकडे बघू लागला. ताईसुद्धा. धाकटीला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ताईचा हात अजून गारच होता.

"मी खाऊन येते," ती म्हणाली. "दर रविवारी. बिस्किटं."

बाई सगळ्यांकडे वळल्या. "ऐकलंत? जी खाऊन आली ती उभी आहे. या चूर्णात साखर उतरवणारं काहीतरी आहे. त्यावर आमची गोळी, वर रिकामं पोट. तुमच्या अंगात येते ती शक्ती नव्हे, साखर उतरते. मध चाटवला की चढते. आधी पाडायचं, मग उठवायचं. यांना भरती करावं लागेल, साखर पुन्हा घसरेल."

बाबा चूर्णाचा डबा घेऊन मागच्या दाराकडे निघाले, पण दारात उपाशी माणसं उभी होती. डबा तपासणीला गेला. पाल्यात साखर उतरवायच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या, ताईच्या गोळीच्याच जातीच्या. रिकाम्या पोटी शक्ती का उतरे, याचं गूढ एवढंच. तेव्हा मंडळी, पाला असो, काढा असो की नुसतं चिमूटभर चूर्ण, पोटात जाईल ते डॉक्टरला सांगा. जे सांगू नका म्हणून बजावलं जातं, ते तर सगळ्यात आधी सांगा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात धाकटी खाटेशी बसली होती. ताईने तिच्याकडे मान वळवली.

"कधीपासून खातेस?"

"पहिल्या रविवारपासून."

ताईचे डोळे भरून आले.

"अगं मेले, आणि मला एक दिलं नाहीस?"