मास्तरांची कुंडी

जिन्यासमोरच्या भिंतीवर सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून झाडं लावायची ठरवली, तेव्हा मास्तरांनी नाक मुरडलं होतं. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. त्यांच्या लेखी कला म्हणजे सरळ शिवण, बाकी सगळी थेरं. घरटी एक कुंडी, मातीत एक तार, तारेला इवलासा स्पीकर. माती कोरडी पडली की त्या घरातल्या माणसाचा आवाज पाणी मागायचा. पाणी घालायचं ते खालच्या टाकीतलं. माशांची घाण झाडांना खत, आणि कुंड्यांतून गाळून उतरलेलं पाणी पुन्हा माशांना. हे जुळवून आणणाऱ्या मुलीला सगळे चित्रकारीण म्हणत, तिच्या हातात ब्रश कुणी पाहिला नसला तरी.

आवाज भरताना कुणी "पाणी द्या हो" म्हणालं, कुणी गाणं म्हटलं. मास्तरांच्या बायकोला रेकॉर्डिंग सुरू झाल्याचंच कळलं नाही. तिनं मागे वळून विचारलं, "अहो, ऐकलंत का? हे चालू आहे का?" सगळे खो खो हसले. चित्रकारिणीनं तेवढंच ठेवून दिलं.

पुढे बायको गेली. मास्तरांना घर खायला उठू लागलं. कुंडीकडे कोण बघतंय! एका सकाळी ते दूध घेऊन येत होते आणि भिंतीतून हाक आली, "अहो, ऐकलंत का?" पिशवी हातातून निसटली.

"हे चालू आहे का?"

"हो, हो, चालू आहे," मास्तर म्हणाले. जिन्यात चार माणसं होती, त्याचंही त्यांना भान राहिलं नाही.

तेव्हापासून ते समोर स्टूल टाकून बसायला लागले. पाण्याचा थेंब घालायचे नाहीत. शेजारच्या वहिनी झारी घेऊन आल्या की डाफरायचे, "असू द्या, माझी कुंडी मी बघतो!" कुंडीतल्या फर्नची पानं कडांनी करपत गेली.

शेवटी चित्रकारीण आली. तिनं मातीत बोट खुपसलं. "काका, हे जायच्या वाटेवर आहे. आता एकदाही कोरडं पडू देऊ नका. काकूंचा आवाज हवाय ना? तुमच्या फोनवर टाकून देते."

"फोनवर मी बटण दाबलं की बोलणार ती," मास्तर म्हणाले. "मला तिनं आपणहून हाक मारायला हवी गं."

मुलीनं एक करपलेलं पान बोटांत धरलं. मग हळूच म्हणाली, "पण हे रोप काकूंनीच लावलंय ना?"

मास्तरांनी झारी भरली. पाणी मातीत मुरत होतं, तेवढ्यात आवाज सुरू झाला, "अहो, ऐकलं..." आणि मध्येच तुटला. त्यांनी उरलेलं पाणीही घातलं.

आता फर्न नुसतं माजलंय, पानं शेजारच्या दोन कुंड्यांवर गेलीत. वहिनी परवा कौतुकानं म्हणाल्या, "आमचं दिवसभर बोंबलतं मेलं! तुमचं किती गुणी, तोंडातून शब्द काढत नाही. नशीबवान आहात, मास्तर."

"हो ना," मास्तर म्हणाले, आणि झारी भरायला वाकले.