उंबरठ्याखालचा रुपया

मोतीलालशेठचं डोकं शांत व्हावं म्हणून ती मशीन घरात आली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या डोक्याला जो ताप लागला तो काही उतरेना.

ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा सावंगीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, चिडू नका, एखादा छंद लावून घ्या. आष्टीत किराणा दुकान चालवणाऱ्या माणसानं न चिडता जगायचं कसं, ते मात्र सांगितलं नाही. अमेरिकेतल्या योगेंद्रला, शेठच्या एकुलत्या एका मुलाला, हे फोनवर कळलं. तो म्हणाला, "पप्पा, इकडे रिटायर झालेले लोक मशीन घेऊन मैदानात फिरतात. जमिनीत जुनं नाणं असलं की मशीन वाजते. फार शांत वाटतं म्हणतात." महिन्याभरात कोणा मित्राच्या हाती मशीन आली. लांब दांडी, खाली ताटलीएवढी चकती, कानाला लावायचे हेडफोन.

"मशीन धाडली, सोता काई आला नाई," शेठच्या बायको सुलोचनाबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य शेठना पाठ होतं. "थो रुपया तिथं राहून गेला नं, म्हणून घरात मानूस टिकत नाई."

त्या रुपयाची कथा अशी. शेठचं जुनं घर धरणात गेलेल्या गावात होतं. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे बाबूजींनी, ते स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी बांधलं आणि उंबरठा बसवताना खाली राणीछाप चांदीचा रुपया पुरला, तोही बायकोच्या पितळी कुंकवाच्या करंड्यात घालून. हे त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं आणि मरेपर्यंत सांगत राहिले. म्हैस गाभण राहो की योगेंद्र पहिल्या नंबरानं पास होवो, बाबूजी मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "रुपया हाय नं खाली!" सुलोचनाबाई सून होऊन आल्या तेव्हापासून हेच ऐकत आल्या. गाव उठलं त्या दिवशी शेठनी उंबरठा काढून ट्रकमध्ये घातला, खाली चार फावडी मारली, पण करंडा काही दिसेना. ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव खात होता. शेठ म्हणाले, "राहू दे."

हे 'राहू दे' त्यांना महागात पडलं. आष्टीच्या नव्या घरात दूध नासलं तरी कारण रुपया, दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी रुपया. आणि योगेंद्र अमेरिकेला गेला तो परत आलाच नाही, त्याला तर रुपयाशिवाय दुसरं कारण असूच शकत नव्हतं. दर दिवाळीला तो म्हणे, पुढच्या दिवाळीला नक्की. फोन ठेवला की सुलोचनाबाई नव्या घरात बसवलेल्या त्या जुन्या उंबरठ्याकडे बघत आणि तेच वाक्य म्हणत. शेठच्या अंगाचा तिळपापड होई.

तेव्हा अमेरिकेतली म्हातारी माणसं मिळेल ते नाणं शोधत असतील तर शोधोत बापडी. शेठना एकच हवं होतं. ते आणायचं, बायकोच्या हातावर ठेवायचं आणि ते वाक्य एकदाचं बंद करायचं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं की जुनं गाव उघडं पडे. मारुतीचा रिकामा पार, विहिरीचं तोंड, घरांच्या पायाचे दगड. शेठ भल्या पहाटे लुना काढून निघत. पहिला उन्हाळा नुसत्या खिळ्यांत गेला. गाव उठताना लोकांनी दारं नेली, वासे नेले, पत्रे नेले, आणि खिळे तेवढे शेठसाठी ठेवून गेले. मशीन वाजली की गुडघे टेकायचे, खुरप्यानं उकरायचं आणि हाती यायचा गंजका खिळा. नाहीतर बिजागरी, बैलाची नाल, सोड्याच्या बाटलीचं बूच. बीप, खिळा. बीप, खिळा. शांत वाटणं दूरच राहिलं, शेठना स्वप्नातही बीप ऐकू येऊ लागलं. एकदा संतापून त्यांनी मशीन गाळात फेकली, मग महाग वस्तू म्हणून स्वतःच धोतरानं पुसून काढली.

दुसऱ्या उन्हाळ्यात घराची जागा नेमकी सापडली, तर तिथं टरबुजाचे वेल! जुन्या गावातल्या गोंड मोहल्ल्यातला पुनाजी उघड्या पडलेल्या गाळात दरसाल टरबुजांची डांगरवाडी लावायचा.

"शेठ, खड्डे करून राह्यले तुमी, अन् वेल मरून राह्यले माहे," पुनाजी कावून म्हणाला.

"घर माझं आहे हे, पुनाजी."

"घर पान्यात गेलं. पैसे भेटले तुमाले. आता टरबूज हाय." मग त्याला दया आली असावी. "काऊन येवढा जीव काढता? सोनाराकडून एक राणीछाप रुपया घ्या, बाईले दाखवा, म्हना भेटला. झालं!"

"खोटं नाई बोलणार मी," शेठ म्हणाले. दुकानात दिवसभर 'एकदम ताजा माल आहे' म्हणणारा माणूस इतक्या ठामपणे हे बोलला की पुनाजी बघतच राहिला.

मे महिन्यात टरबुजं निघाली, वेल उपटले गेले आणि पुनाजीनं जागा मोकळी करून दिली. शेठनी पायाच्या दगडापासून तसू तसू जमीन तपासली. खिळे, खिळे, पुन्हा खिळे. ऊन चढलं, घाम डोळ्यांत उतरला. आता पुरे, असं ते स्वतःलाच ओरडून म्हणाले, आणि तेव्हाच चौकटीच्या कोपऱ्यातल्या दगडाशी मशीन वेगळ्याच आवाजात वाजली. आवाज भरदार होता आणि चकती हलवली तरी तुटत नव्हता. पुनाजीनं पहारीनं दगड उलथला. त्याखाली हिरवा पडलेला, चेपलेला करंडा होता.

शेठना रडू आलं. लाज न वाटता ते रडले. आईचा करंडा होता तो.

झाकण निघेना. पुनाजीनं विळ्याच्या टोकानं उचकटलं. आत लाल चिखल, आणि चिखलात भोकाचा पैसा. तांब्याचा, मधे भोक असलेला, १९४५ सालचा. शेठनी चिखल बोटानं चिवडला, करंडा उपडा करून आपटला. दुसरं काही पडलं नाही.

पुनाजी आधी तोंड दाबून हसला, मग मोकळाच हसला. "बाबूजीनं तं साऱ्या गावाले उल्लू बनवलं, शेठ!"

शेठचा चेहरा लालबुंद झाला. आयुष्यभर रुपयाचा डंका वाजवला, आणि घातला काय, तर एक पैसा! दोन उन्हाळे गुडघे फोडून घेतले ते ह्यासाठी!

"आता तं करंडाबी हाय," पुनाजी हळूच म्हणाला. "आत राणीछाप टाका अन् द्या. बाई डोळे मिटून मानते."

"बाप बोलला खोटं, ते पुरे झालं," शेठ गरजले आणि लुनाला किक मारली.

घरी आल्यावर त्यांनी करंडा सुलोचनाबाईंच्या पुढ्यात आदळला. "घे! हा तुझा रुपया! माझ्या बापानं पैसा पुरला होता, पैसा! जुन्या घरात जे जे चांगलं झालं ते ह्या एका पैशावर. आता पुन्हा रुपयाचं नाव काढायचं नाई ह्या घरात!"

सुलोचनाबाईंनी पैसा उचलला, पदरानं पुसला, भोकातून उजेडाकडे पाहिलं. शेठ भांडणाच्या तयारीनं उभे होते. त्या भांडल्या नाहीत. उंबरठ्यावर बसल्या.

"म्हंजे रुपया नव्हताच कधी," त्या म्हणाल्या.

"नव्हताच!"

"मंग आपला योगेंद्र काऊन येत नाई हो?"

शेठना हवं तसं ते वाक्य बंद झालं होतं, पण त्याच्या जागी हा प्रश्न आला होता. पैसा मुठीत धरून बाई त्यांच्याकडे बघत होत्या. सराफाचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. येताना तिथं लुना थांबवली असती तर किती बरं झालं असतं, असं शेठना वाटलं.