सात चुका

शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी, एकतिसाव्या चित्रापाशी तिचा पारा चढला. पडद्यावर नव्या मशीनची बटणं दिसत होती आणि समोर हॉस्पिटलच्या धुलाईखात्यातली चौदा मोठी माणसं नंदीबैलासारखी माना डोलवत होती. "समजलं?" "समजलं!" आणि मशीनपुढे उभं केलं की पालथ्या घड्यावर पाणी.

चिडून भागणार नव्हतं. शनिवारी परीक्षा होती. नापास होईल त्याची रवानगी निवडखोलीत, वॉर्डांतून आलेले घाण कपडे हाताने वेगळे करायला. त्या चौदांमध्ये तिचे बाबाही होते. निवडखोलीतून बाहेर पडायला त्यांना अकरा वर्षं लागली होती, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा तिथेच जायची वेळ आली होती. मशीनच्या कंपनीने शिकवायला तिला पाठवलं तेव्हा बाबांनीच बजावलं होतं, "खात्यात तू मॅडम आणि मी कामगार. नातं घरी ठेवायचं."

तिने रागारागाने पडदा बंद केला. मोठ्या माणसाला जे येतं तिथून सुरुवात करा, त्याचे हात चालू द्या, त्याला चुकू द्या, असं सगळं तिनेच वहीत लिहून ठेवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

"चला, मशीनपाशी. वाघीणबाई, तुम्ही आधी."

घड्या घालणाऱ्या बाईंना सगळे वाघीण म्हणत, कारण खात्याचे साहेबसुद्धा त्यांना वचकून असत. पण मशीनवरच्या काचेच्या पडद्याला बोट लावताना तीच वाघीण शेळी झाली. सात वेळा चुकली. सगळे हसले आणि सगळ्यांत मोठ्याने ती स्वतःच हसली. आठव्यांदा मशीन फिरलं. मग इस्त्रीवाले आले, गाडा ढकलणारे आले. एकेकाचं चुकत चुकत जमायला लागलं.

बाबांना मात्र तिने बोलावलं नाही. ज्यांना त्यांनी काम शिकवलं, ते त्यांना हसले असते. ते तिला बघवलं नसतं.

गुरुवारी साहेबांनी सराव परीक्षा घेतली. तेरा जण पास झाले. बाबा बोट हवेत धरून उभे राहिले आणि मागे सरले.

"चष्मा घरी राहिला," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता.

घरी आल्यावर ती भडकलीच. "रोज विचारते, बाबा, समजलं का? रोज हो म्हणता! मग आज काय झालं?"

"बापाने लेकीला नाही समजलं म्हणून सांगायचं तरी कसं?" बाबांनी ताट बाजूला सारलं. "आणि तू मला मशीनपाशी बोलावलंस कुठे? वाघिणीला सात वेळा चुकू दिलंस. मला एकदाही नाही."

तिला स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी तिने पहिली हाक बाबांनाच मारली. "रक्ताच्या चादरी आल्यात. लावा."

बाबांनी लाल खूण दाबली. ती उकळत्या पाण्याची होती. मशीन केकाटलं आणि मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. धावत जाऊन स्वतःच बटण दाबावं असं वाटलं. तिने हात पाठीमागे घट्ट धरले.

"चूक. रक्ताला पाणी कसं लागतं?"

"गार! गरम पाण्यात डाग बसतो. हे काय विचारणं झालं?"

"मग पडद्यावर गार कुठे दिसतंय? पुन्हा करा."

ते पुन्हा चुकले. कधी वजन राहिलं, कधी दार नीट लागलं नाही. हसणं वाढत गेलं, मग हळूहळू थांबलं. ती प्रत्येक वेळी 'चूक' म्हणाली.

"सात झाल्या," बाबा कपाळ पुसत म्हणाले. "वाघिणीची बरोबरी झाली. थांबू नकोस, विचार." मॅडम म्हणायचं ते साफ विसरले होते.

आठव्यांदा गार पाण्याची धार सुरू झाली. वाघीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी साहेबांनी बाबांचं नाव पुकारलं. त्यांनी खिशातला चष्मा काढला, सगळ्यांसमोर डोळ्यांवर चढवला आणि मशीनपुढे जाऊन उभे राहिले.