तिसऱ्या दिवशी पहाटे

अंडं अजून कोमट होतं. कांद्याच्या सालींत उकडल्यामुळं त्याला विटकरी रंग चढला होता आणि एका बाजूला कोथिंबिरीच्या पानाचा ठसा फिकट उमटला होता — उकडताना पान वर ठेवून फडकं बांधलं असणार. विश्वंभरराव ते तळहातावर घेऊन अंगणाच्या भिंतीपाशी उभे होते, आणि हे आता खिशात ठेवावं, की हातातच धरून राहावं, की... सत्तरी उलटली तरी कुणी काही दिलं तर ते घ्यायचं कसं, हे कळू नये माणसाला.

"असं काय धरलंत भाऊजी," भिंतीपलीकडून शिलावहिनी म्हणाल्या, "मी काय सुई टोचून राहिले का तुमाला?"

सगळा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली बाई. विश्वंभरराव हसले, म्हणजे हसल्यासारखं केलं.

"मग उद्या बोलून राहिले ना तुमी? ईस्टर म्हंजे काय, काहून करतात, दोन शब्द. हे सांगायचे तसे."

हे, म्हणजे शमुवेल. दरवर्षी ईस्टरच्या पहाटे सेनगावातली ख्रिस्ती घरं गावाबाहेरच्या दफनभूमीत जमत, मेणबत्त्या लावत, आणि शमुवेल मध्ये उभा राहून सणाचा अर्थ सांगे. यंदा थंडीत तो गेला. उद्या त्याची कबरही त्या मेणबत्त्यांत असेल, आणि अर्थ सांगायचा विश्वंभररावांनी — ज्यांनी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यापलीकडे काही केलं नाही, जे स्वतःच्या देवळातही खांबाआड उभे राहतात. शमुवेल म्हणायचा, "तू पुस्तकातून मान वर काढशील ना, त्या दिवशी मी पेढे वाटीन." वाटले असते त्यानं, खरंच.

हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणता आलं नव्हतं.

दुपारभर ते वाचत बसले. वसंतात दिवस-रात्र समान झाल्यानंतरची पौर्णिमा, तिच्या मागून येणारा रविवार — म्हणून सण दरसाल जागा बदलतो. त्याही मागं यहुद्यांचा सण, गुलामीतून सुटल्याचा, कोकरू बळी द्यायचा. मग अंडी : पूर्वी चाळीस दिवसांच्या उपासात अंडी वर्ज्य, पण कोंबड्यांना कोण सांगणार, त्या घालतच राहायच्या, साठलेली सगळी सणाला निघायची. हे वाचून त्यांना एकट्यालाच हसू आलं. इंग्रजी नावामागं वसंताची कुणी जुनी देवी असावी, असंही एकानं लिहिलेलं. दुसऱ्यानं ते खोडलेलं... सगळं नीट होतं, आणि यातलं एक वाक्य शमुवेलच्या कबरीपाशी उभं राहून म्हणता येईल असं नव्हतं. तिथं लोक, येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला म्हणून, म्हणतील, प्रभू उठला आहे; उत्तर द्यायचं, खरोखर उठला आहे. वहिनी आपल्याकडं बघत असतील. मनात नसताना म्हणावं तर त्या बाईला फसवल्यासारखं, आणि गप्प राहावं तर मित्राची जागा रिकामी टाकल्यासारखं. संध्याकाळी सरळ सांगून टाकू, मला जमणार नाही म्हणून. मी कोण लागून गेलो...

हे ठरल्यावर जरा बरं वाटलं. साखर संपली होती. ते पिशवी घेऊन सादिकच्या दुकानाकडं निघाले.

"सर, तुमी पाद्री होऊन राहिले म्हनं," सादिक तराजू पुसत म्हणाला. "शिलाबाई अंडे घेऊन गेल्या, तवा सांगत होत्या."

"मला नाही जमायचं ते."

"शमुभाईला तरी कुठं जमत होतं? मधीच विसरायचे, मग बाई मागून सांगायच्या. मी रस्त्यावरून ऐकलं ना."

सादिक पारड्यात साखर ओतू लागला. पांढरी धार सरसरत उतरत राहिली, आणि विश्वंभररावांना ती पहाट दिसली. बायको, चंद्रभागा, गेली त्याच्या तिसऱ्या दिवसाची, राख सावडायची. तिच्या आवडीचं काहीतरी न्यावं, असं भावकीतली म्हातारी म्हणाली, तर त्यांनी अंधारात उठून स्वतः चहा केला होता. उभ्या जन्मात पहिल्यांदा. साखर जास्त, कारण ती तशीच प्यायची आणि ते तिला रागावायचे. किटलीला फडकं गुंडाळून, सांडू नये म्हणून पोटाशी धरून, ते घाईनं चालले होते. थंड होईल म्हणून. राखेपाशी न्यायचा चहा, आणि थंड होईल म्हणून घाई.

दुपारी वाचलेल्या, येशूच्या कबरीकडं जाणाऱ्या त्या बायकाही तिसऱ्याच दिवशी निघाल्या होत्या की. उजाडायच्या आत, सुगंधी द्रव्यं घेऊन. कुणी उठेल म्हणून निघाल्या नव्हत्या. मेलेल्या माणसाच्या अंगाला लावायला निघाल्या होत्या, आणि वाटेत काळजी एवढीच, कबरीच्या तोंडावरची धोंड कोण सरकवणार. पौर्णिमा, कोकरू, अंडी, सगळं होतंच. पण सणाच्या मुळाशी या अशा निघालेल्या बायका... असं म्हणता येईल का? की मी आपलं माझंच दुःख त्यांच्या पदराला बांधतोय?

"सर, साखर घ्या," सादिक दुसऱ्यांदा म्हणाला.

दिवे लागले तेव्हा ते भिंतीपाशी गेले, नाही म्हणायला. वहिनी ओट्यावर मेणबत्त्यांच्या वाती कातरत होत्या.

"वहिनी, मी... हिच्या तिसऱ्याला चहा घेऊन गेलो होतो."

वहिनींचे हात थांबले.

"साखर?"

"जास्त."

"बराबर," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वातीकडं वळल्या. "ह्यांचंबी तसंच होतं. डायबिटीस असून चोरून खायचे."

नाही म्हणायचं राहूनच गेलं. घरात येऊन विश्वंभररावांनी उघडी पुस्तकं मिटली, पण काय बोलणार हे काही ठरलं नाही. कदाचित जीभ टाळ्याला चिकटेल. खरोखर उठला आहे, हे म्हणायची वेळ आली की आपण बहुधा खालीच बघू. तरी सकाळपासून उद्याची जी पहाट अंगावर येत होती, ती आता लांब वाटू लागली होती — कुणाला भेटायला जायचं असलं की मधली रात्र उगाच लांब वाटते, तशी.