निळ्या डबीतले चार तास

माझे सासरे भीमाचार्य देवघरातला रोजचा पाठ विसरू लागले होते, ही गोष्ट आमच्या बसवनगुडीच्या घरात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस चौदा वर्षांचं होतं. मला ती कळली मुलीच्या दातांमुळे. तीही तिच्याशी पंधरा दिवस भांडून झाल्यावर.

मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासते. यंत्राचा भाग ठरल्या मापात आहे की नाही, हे बघायचा मला पगार मिळतो. साहजिकच मैत्रेयीचा सुळा वर चढून बसला आणि दातांना तार लावायचं ठरलं, तेव्हा मी तक्ता केला. धातूची तार: मजबूत, पण हसलं की आधी तीच दिसणार. दाताच्या रंगाच्या सिरॅमिकची: कमी दिसते, पण तिला बांधणारी रबरं हळदीनं पिवळी पडतात, आणि आमच्याकडे सारू नाही तर हुळी, म्हणजे पातळ नाहीतर घट्ट आमटी, रोजची. दातांच्या मागून बसवायची: बाहेरून काहीच दिसत नाही, पण जिभेला सतत टोचते. शेवटचा प्रकार पारदर्शक अलाइनरचा. म्हणजे दातांवर चढवायचे प्लास्टिकचे पातळ साचे. दर पंधरवड्याला नवा साचा, खाताना काढायचा, बाकी दिवसाचे बावीस तास तोंडात ठेवायचा.

“सगळ्यांत चांगला असा प्रकार नसतो,” डॉक्टर धनलक्ष्मी कानडीत म्हणाल्या. “तुमच्या घरी दिवस कसा जातो, त्यावर ठरवा.”

त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात एक प्रश्न होता: मूल रोज गाणं, वाद्य, पाठांतर असं काही करतं का? मी फटकन ‘नाही’ लिहिलं. भरतनाट्यम सोडून तिला दोन वर्षं झाली होती, गाण्याच्या क्लासला तर ती कधी गेलीच नव्हती. सकाळ-संध्याकाळ ती अज्जांशेजारी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशेजारी, पाठाला बसते, हे मला आठवलंसुद्धा नाही. पाण्याच्या मोटारीचा आवाज कोणी मोजतं का, तसं.

मैत्रेयीला पारदर्शकच हवं होतं. तिच्या वर्गात तार लावलेल्या एका मुलीला सगळे ‘गेट’ म्हणत. “आई, प्लीज, ती तार नको,” म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. माझाही तक्ता तेच सांगत होता. आम्ही अलाइनर घेतले. साचे ठेवायला एक निळी डबी मिळाली.

तिसऱ्या साच्याला गाडं अडलं. डॉक्टरांनी साचा बसवला, बोटानं दाबला, पुन्हा दाबला. सुळ्याशी फट राहत होती. “दात मागे राहिलेत,” त्या म्हणाल्या. “किती तास घालतेस, मरी?” त्यांनी लाडानं, ‘बाळा’ म्हणावं तसं विचारलं. “अठरा?” तिनं होकारार्थी मान हलवली.

रिक्षात मी तिला फाडून खाल्लं. रडून मागून घ्यायचं आणि मग कंटाळा करायचा, हे मला खपणार नाही, असं बरंच काही. घरी येऊन फ्रिजवर कागद चिकटवला, बावीस तासांचे चौकोन आखले, तिच्या फोनवर गजर लावले. कार्टी इतकी प्रामाणिक, की रोज चार चौकोन कोरे ठेवायची. सकाळी दोन, संध्याकाळी दोन.

“कंटाळा येतो?”

“नाही.”

“दुखतं?”

“नाही.”

“मग काय करतेस त्या चार तासांत?”

“नाही सांगत,” ती म्हणाली. उद्धटपणे नव्हे. तेच मला जास्त झोंबलं.

कंपनीची बस मला सहा वाजता उचलते आणि संध्याकाळी साडेसातला आणून सोडते. त्यामुळे ते चौकोन कोरे कसे राहतात, ते मी कधी पाहिलेलंच नव्हतं. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात असते आणि देवघरातून पाठाचा आवाज येत असतो, एवढंच मला माहीत. एका मंगळवारी कारखान्यात देखभालीची सुट्टी होती. सव्वासहाला मी ती निळी डबी शोधत घरभर फिरले. मिळाली ती देवघराच्या दाराशेजारच्या खिडकीत, कापराच्या डब्यामागे. आत साचा होता. मी तोंड उघडणार, तोच पाठाचा आवाज ऐकू आला आणि मी दारातच थांबले.

अज्जा डोळे मिटून म्हणत होते. छत्तीस वर्षं संस्कृत शिकवलेला माणूस, आवाज अजून खणखणीत. मैत्रेयी त्यांच्या डाव्या हाताला, कानाशी. एका ओळीच्या शेवटी ते थबकले. तिनं पुढचा शब्द हळूच सोडला, आपण आपलं म्हणतोय असं दाखवत. त्यांनी तो उचलला आणि पुढे निघाले. चार ओळींनी पुन्हा तेच, मग आणखी दोन ओळींनी. अर्ध्या तासात मी अकरा वेळा मोजलं, मग मोजायचं सोडून दिलं.

ती शाळेला निघाली तेव्हा मी तिला फाटकाशी गाठलं.

“कधीपासून?”

तिला लगेच कळलं. “दसऱ्यापासून. आधी एखादाच शब्द अडायचा.”

“आणि साचा?”

“तो घातला की माझा स आणि श शिट्टीसारखा येतो. अज्जा उच्चार चुकला की थांबवतात, तुला माहितेय. थांबवलं की त्यांना आपण कुठे होतो ते सापडत नाही. मग पहिल्यापासून सुरू करतात. एके दिवशी तीनदा पहिल्यापासून म्हटलं. मग पोथी मिटली आणि म्हणाले, आज थकलो.” ती बुटाच्या टोकानं दगडी पायरी घासत होती. “अज्जा कधी थकतात का, आई? म्हणून काढून ठेवते. पाठ आणि पूजेच्या मध्ये घालून उपयोग नाही. तोंडात हात गेला की उष्टं, मग हात धुवा, तीर्थाला पुन्हा काढा. सकाळी नाश्ता आणि संध्याकाळी खाणं झाल्यावरच घालते.”

“मला सांगायचं होतंस ना.”

“तू त्याचाही तक्ता केला असतास.”

ती शाळेला गेली आणि मी फाटकाशीच उभी राहून रडले. मी फ्रिजवर जे चौकोन आखले होते, त्यांतले कोरे चार तासच या घरात कुणीतरी नीट वापरलेले होते. आत जाऊन तो कागद फाडला.

त्या शनिवारी आम्ही डॉक्टरांकडे जाऊन स आणि श ची अडचण सांगितली. “जिभेला सवय होईल,” त्या म्हणाल्या. “बहुतेकांना होते. स्वल्प वेळ द्या. पण हिला प्रत्येक नवा साचा जड जातोय.”

“तारेनं स चुकतो का?” मैत्रेयीनं विचारलं.

“बाहेरून लावलेल्या तारेनं फारसा नाही. जीभ आतून मोकळी राहते. चार दिवस ओठ सोलवटतील, एवढंच. आतून लावली तर मात्र बोलण्याचे हाल.”

“आणि ती काढता येत नाही ना? म्हणजे काढावीच लागणार नाही?”

“दीड वर्ष नाही.”

“मग तीच लावा. धातूची.”

“तुला शाळेत...” मी म्हटलं.

“म्हणू दे गेट,” ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मी तिचा हात धरला. तिनं काढून घेतला नाही.

नवा फॉर्म आला. तोच प्रश्न पुन्हा समोर होता. या वेळी मी लिहिलं: रोज दोन वेळा, अज्जांबरोबर.

पुढच्या आठवड्यात तार बसली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मैत्रेयीचे ओठ सुजले होते, घास चाववत नव्हता. मी कुकर बंद केला आणि देवघराच्या दारात येऊन बसले. अज्जांनी तिला हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ पाहिलं.

“दुखतं?”

“स्वल्प.”

“आधीची ती प्लास्टिकची बरी दिसायची की.”

“ती नको झाली मला, अज्जा.”

त्यांनी पोथी पुढे ओढली. पाठ सुरू झाला. सहाव्या-सातव्या ओळीला ते थबकले. तिनं सवयीनं शब्द हळूच सोडला. सुजल्या ओठांतून, पण अगदी स्वच्छ. अज्जांनी तो उचलला नाही. डोळे उघडले. मला वाटलं, आता पहिल्यापासून सुरू करतात की काय.

त्यांनी पोथी स्वतःपुढून उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

“कुजबुजू नको,” ते म्हणाले. “आता तू मोठ्यानं सांगत जा, मी तुझ्यामागून म्हणतो.”