घुमटाला दार आहे का?

"त्या विटांना हात लावायचा न्हाई," लेकीकडे निघालेले सासरे अप्पा उदगीरच्या एसटीच्या खिडकीतून म्हणाले, आणि सुकन्याने "हो अप्पा" म्हणून दुसऱ्या क्षणी ते विसरूनही टाकलं.

तिचा तरी काय दोष? खिडकीत बसल्यापासून अप्पांची टकळी चालू होती. नळ आला की आधी प्यायचं भरा, पोरीला उन्हात सोडू नका, माझ्या खुर्चीवर कपडे टाकू नका, विटांना हात लावायचा न्हाई, त्या मांजराला दूध घालू नका, सोकावतंय. एवढ्यात विटा कुणाच्या ध्यानात राहणार? शिवाय कडेवरच्या चिमीला तेवढ्यात शिंक आली होती आणि ती धुळीची की सर्दीची, या विचारात सुकन्या बुडून गेली होती.

सुकन्या नांदेडची, मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालेली. त्या शिक्षणाचं लग्नानंतर एकच उरलं होतं. लोकांना डोळ्यांनी दिसत नाही ते सगळं तिला दिसायचं. दाराच्या कडीवर, एसटीच्या दांड्यावर, शेजारणीच्या पदरावर. नवरा शिवकुमार लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. परीक्षा उरकल्या होत्या, नवी बॅच सुरू व्हायची होती, आणि अशा मोकळ्या दिवसांत त्याच्या हाती मोबाइल असला की घरावर काहीतरी यायचंच. मागच्या वर्षी मधमाश्या आल्या होत्या. यंदा भट्टी आली.

"घुमटाची भट्टी," शिवकुमार व्हिडिओ दाखवत म्हणाला. "परसात बांधायची. आत लाकडं पेटवायची, घुमट तापतो, वरून उष्णता खाली परावर्तित होते. पिझ्झा दोन मिनिटांत!"

"विटा कुठून आणणार?"

"आणायच्या कशाला? पेरूखाली ढीग पडलाय की. निजामाच्या काळातल्या आहेत. भाजून दगड झाल्यात."

पत्र्याखालचा तो ढीग सुकन्या लग्न होऊन आली तेव्हापासून पाहत होती. अप्पांचं अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यात अडत दुकान होतं. रस्ता रुंद करताना ते पाडलं, तेव्हा अप्पांनी मागच्या भिंतीच्या विटा वेचून ट्रॅक्टरने लातूरला आणल्या. का, ते कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा जीव कशातही अडकतो, असं सगळ्यांनी धरून चाललं. सुकन्याला त्या ढिगात फक्त विंचू दिसायचे. ढीग जातोय म्हटल्यावर ती लगेच राजी झाली.

आता अडचण अशी, की वीट चौकोनी आणि घुमट गोल. अख्खी वीट गोलात बसत नाही, तिचे अद्धे करावे लागतात. आणि वर वर जावं तसा अद्धाही चालत नाही, त्याला एका अंगाने तासून निमुळता करावा लागतो. शिवकुमारने फळ्यावर कोन काढले, थर्माकोलचे साचे कापले आणि पहिल्या विटेवर थापीच्या कडेने घाव घातला. थापीची मूठ निसटून पेरूत गेली. विटेला ओरखडासुद्धा नाही.

"हे बघ, काय वीट आहे!" तो खूश होऊन म्हणाला आणि ओळखीच्या फरशीवाल्याकडून कटर मशीन घेऊन आला.

मशीन बघितल्यावर सुकन्याच्या अंगात वारं भरलं. विटेची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही, हे तिने वाचलं होतं. तिने नवऱ्याला हेल्मेट घातलं, चष्म्यावर पोहण्याचा चष्मा चढवला, तोंडाला मास्क, मास्कवर स्वतःचा स्कूटीचा स्कार्फ, आणि अंगात अप्पांचा रेनकोट. मे महिना, लातूरचं ऊन. तो आतल्या आत शिजत होता. चिमीने बापाला बघून भोकाड पसरलं. सुकन्याने तिला आतल्या खोलीत नेऊन खिडकीला ओली चादर लावली.

धूळ उडू नये म्हणून विटा आधी भिजवायला पाहिजेत. ड्रमात विटा सोडलेल्या पाहून सासूबाई कडाडल्या.

"यप्पा! माणसाला प्यायला पाणी न्हाई आन् विटांना आंघोळ?"

पार्वतम्मा बोलायला फटकळ. पण त्या दिवसांत त्या जरा विचित्रच वागत होत्या. कटर किंचाळलं आणि वीट दुभंगली की त्या दारातून बघायच्या, गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावायच्या आणि पुटपुटायच्या, "अर्ध्या कशाला करून राहिलास रे... आख्ख्याच लावाव्यात की."

"आई, गोलात अख्खी बसत नाही."

"बसंल की. बसणाऱ्याला बसंल," असं काहीतरी बोलून त्या आत जायच्या. सासूबाईंना धुळीचा त्रास होतोय असं समजून सुकन्याने त्यांनाही एक मास्क दिला.

एवढी काळजी घेऊनही लाल धूळ भिंत ओलांडून शेजारच्या विठाबाईंच्या गच्चीवर गेलीच. तिथे वाळत घातलेल्या कुरडया गुलाबी झाल्या. विठाबाईंनी भिंतीवरून शिवकुमारच्या घराण्याचा तीन पिढ्यांपर्यंत उद्धार केला आणि बोलणं टाकलं.

वाळूचा ढीग करून त्यावर घुमट रचत न्यायचा होता. थरावर थर चढला. शेवटी माथ्यावर एका विटेची जागा उरली. सुकन्याला ढिगात एक वेगळीच वीट सापडली होती. तिची एक बाजू काळसर, गुळगुळीत, तेल पाजल्यासारखी चमकत होती. तशी दुसरी नव्हती. "ही माथ्यावर लावा," ती म्हणाली. "शोभेल." शिवकुमारने ती चारी बाजूंनी तासली आणि माथ्यात ठोकून बसवली. पार्वतम्मा मट्कन ओट्यावर बसल्या. संध्याकाळी त्यांनी घुमटावर विभूतीची तीन बोटं ओढली. चिमीने आजीचं बघून जास्वंदीचं फूल ठेवलं. नव्या चुलीचीही पूजा करतात, तसंच असेल, असं सुकन्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचं दार वाजलं. विठाबाई होत्या. डोक्यावर पदर, हातात झाकलेलं ताट. आत आल्या आल्या त्यांनी ताट खाली ठेवलं आणि पार्वतम्मांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"एवढं झालं आन् भिंतीला भिंत असून कळू दिलं न्हाई? कुरड्यांचा राग एवढा धरला व्हय माय?"

"अगं, काय झालं?"

"अप्पा गं! शेताकडं तरी न्यायचं! अंगणातच बसवलं!"

ताटात पिठलं आणि भाकरी होती. दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी द्यायची तशी.

सुकन्या हसायच्या बेतात होती. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मांडी घातलेल्या अवस्थेत मातीत बसवतात, वर समाधी बांधतात. बरेच दिवस अप्पा दिसले नव्हते, परसात विटांचा घुमट उभा राहिला होता, त्यावर विभूती आणि फूल. बाईची चूक तरी काय?

"विठे, तोंड आवर!" पार्वतम्मा गरजल्या. "ते उदगीरला लेकीकडं आंबे खाऊन राहिलेत!" आणि मग त्यांचा आवाज एकदम बसला. "पर विटा... विटा त्यांच्याच हायत."

"त्यांच्याच म्हणजे?" सुकन्याने विचारलं.

"म्हंजी त्यांच्या. त्यांच्यासाठी ठिवलेल्या. जन्मभर दुकानाच्या त्या भिंतीला टेकून बसलो, म्हणले, पुढंबी तिलाच टेकून बसतो."

सुकन्याने दारातून घुमटाकडे बघितलं. "आत्याबाई! आधी का नाही सांगितलं?"

"माझ्या तोंडानं माझ्या मालकाचं तसलं काढू व्हय? जित्त्या माणसाचं?" पार्वतम्मांनी डोळ्याला पदर लावला. "आन् मी रोज म्हणतच हुते, अर्ध्या करू नका."

विठाबाई रडायच्या थांबल्या. पण येण्याआधी त्यांनी ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती.

संध्याकाळपर्यंत ती अहमदपूरच्या मोंढ्यात गेली, तिथून उदगीरला. अप्पांची लेक शिवकन्या सांगत होती, की अप्पांनी सगळे फोन स्वतः घेतले. "हां, मीच बोलतोय. कधी गेलो म्हणता? मंगळवारी? बरं बरं." सगळ्यात शेवटी अहमदपूरचं शेत बघणाऱ्या मलप्पाचा आला. त्याने हुंदके देत अप्पांनाच विचारलं, "खड्डा कुठल्या बांधाला घ्यायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आले. पिशवी दारात ठेवली, काठी टेकत थेट परसात गेले. मागे पार्वतम्मा, त्यांच्या मागे शिवकुमार, सगळ्यात मागे चिमीला छातीशी धरून सुकन्या.

अप्पांनी घुमटाला एक फेरी घातली. काठीने ठोकून बघितलं. पुढे वाकून आत डोकावले.

"दार कशाला ठिवलंय? मी काय भाईर येणाराय?"

"लाकडं घालायला, अप्पा," शिवकुमार पटकन बोलून गेला.

"लाकडं?" अप्पांचा आवाज चढला. "जाळणार मला? आपल्यात जाळतेत व्हय रे, गाढवा?"

"तुम्हाला नाही अप्पा! पिझ्झा! पिझ्झ्याची भट्टी आहे!"

"आन् उंची बघ ह्याची. मांडी घातली तर टाळू घासंल. बसणाऱ्याचं माप तरी घ्यायचं."

विठाबाई भिंतीपलीकडे खुसखुसल्या. सुकन्यालाही हायसं वाटलं, चला, थट्टेवर निभावलं. तेवढ्यात अप्पांनी मान वर केली. माथ्यावरची ती गुळगुळीत काळी वीट त्यांना दिसली.

त्यांनी हात वर नेला. तिच्यावरून बोट फिरवलं. मग तोच हात स्वतःच्या डोक्यामागे नेला, जिथे उरलेल्या पांढऱ्या केसांना रोज तेल असायचं.

अप्पा जाऊन खुर्चीत बसले, परसाकडे पाठ करून.

पुढचे काही दिवस सुकन्याला घास गोड लागला नाही. समाधीच्या विटा कापल्या तर माणसाला काही होतं का, असा प्रश्न मायक्रोबायोलॉजीत येत नाही. पण तिला तो पडला होता. अप्पा झोपले की ती दारात उभी राहून त्यांचं धोतर श्वासासरशी हलतंय ना बघायची. एकदा हलेना, म्हणून तिने पातेलं पाडलं. अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "हाय मी अजून." शिवकुमारला तिने भट्टीत काडीसुद्धा ओढू दिली नाही.

शेवटी अप्पांनीच एका सकाळी तोंड उघडलं. "बांधलंय तर पेटवा. थंड चूल घरात ठिवू नये."

शिवकुमारने उरलीसुरली वाळू उपसली, बारीक जाळ करत करत घुमट तापवला आणि पहिला पिझ्झा आत सरकवला. तो दोन मिनिटांत नव्हे, एकाच मिनिटात कोळसा झाला. पार्वतम्मांनी मुलाला हाताने बाजूला सारलं, आत चार वांगी लोटली आणि ज्वारीच्या जाड भाकरी विटांवर टाकल्या. भाकरी अशी फुगली, की चिमीने टाळ्या वाजवल्या आणि पहिला तुकडा आजोबांच्या तोंडात कोंबला.

अप्पांनी भरीत-भाकरी खाल्ली. मागून दुसरी भाकरी घेतली. मग कुणाकडे न बघता उठले, घुमटाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि उबदार विटांना पाठ टेकली. डोकंही टेकलं. किती तरी वेळ तसेच बसून राहिले. सुकन्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचे श्वास बघत होती. नीट चालू होते.

सकाळी उठून बघतात तर अप्पा नाहीत. पेरूखाली उरलेले अद्धे आणि तुकडे नाहीत. शिवकुमारची थापीही नाही. विठाबाईंनी सांगितलं, पहाटे रिक्षात पोतं घालून गेले, अहमदपूरच्या गाडीला.

अप्पा फोन उचलत नाहीत. मलप्पा उचलतो, पण काही सांगत नाही. "लई मजेत हायत वहिनी. दिसभर विटा फोडून राहिलेत."

"काय बांधतायत?"

"गोल हाय."

"घुमट?"

"तसंच म्हणा."

"दार आहे का त्याला? मलप्पा, दार ठेवलंय का?"

"मला शपथ घातलीया वहिनी. पुरं झाल्याबिगर कुणी यायचं न्हाई, म्हणलेत. आलं तर बांधलेलं मोडून टाकीन म्हणलेत." आणि फोन ठेवतो.

शिवकुमार म्हणतो, भट्टीच असणार, दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. पार्वतम्मा फक्त गळ्याशी हात नेतात.

म्हणून सुकन्याचं तुम्हालाच सांगणं आहे. लातूरहून अहमदपूरला जाताना, गाव लागायच्या थोडं आधी, डाव्या हाताला दोन चिंचा आणि पत्र्याची खोली दिसेल. पाणी मागायच्या निमित्ताने जा. तिचं नाव काढू नका. धोतरातले म्हातारे गृहस्थ विटा फोडत बसलेले असतील, त्यांना "अप्पा, बरं आहे का?" म्हणा, आणि बोलता बोलता त्या घुमटाला एक फेरी घाला. दार असलं, तर काही नाही, पाणी पिऊन पुढे जा. दार नसलं, तर मात्र तिथेच बसा, त्यांना बोलण्यात गुंतवा, आणि तिला फोन करा. चिमीला घेऊन ती मिळेल त्या गाडीने निघते.